ओल्या चुन्यातली टाच

मिस्त्रीच्या घराच्या मागच्या भिंतीत जी भेग होती तिचा घरात सगळ्यांना उपयोग होता. वरच्या टोकाला बायको कंगवा खोचायची. मध्ये काडेपेटी राहायची. खाली, जिथं अख्खा पंजा आत जाईल इतकी ती रुंद झाली होती, तिथं मुलगा सुट्टीवर आला की ट्रकची किल्ली ठेवायचा. भेग उन्हाळ्यात उघडायची आणि पावसात थोडी मिटायची. बायको म्हणायची, कपाट नाही म्हणून मी कधी कुरकुर केली नाही, ह्यांनी भिंतीतच करून दिलंय.

मिस्त्री ऐकून घ्यायचा. वस्तीतली निम्मी घरं त्याच्या हातची होती आणि त्या सगळ्या घरांत अशी कपाटं होती. खालची काळी माती उन्हात फाटायची, पावसात फुगायची, आणि वरचं सिमेंट तिच्याशी हुज्जत घालता घालता मोडायचं. लोक तोंडावर त्याला मिस्त्री म्हणत आणि पाठ फिरली की भेगमिस्त्री. अलीकडे पाठ फिरायचीही कुणी वाट बघत नसे.

यंदा मात्र भेगेनं थट्टा सोडली. भर दुपारी वरची वीट सुटली आणि पाळण्यात पडली. नात त्या वेळी आईच्या कडेवर होती. धावत सगळे आले तेव्हा पाळणा त्या विटेला घेऊन सावकाश झुलत होता. तो थांबेपर्यंत कुणाला हात लावायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मागची खोली उतरवायला घेतली. आता घरातली सगळी माणसं पुढच्या एका खोलीत आली: मिस्त्री, बायको, सूनबाई, नात, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर मिस्त्रीचे म्हातारे काका. काकांची नजर गेली होती, पायांतला जोर गेला होता, पण कान शाबूत होते. पुढच्या खोलीला आजवर मागच्या खोलीचा टेकू होता. आता तिला चार बांबू लावले होते. पावसाच्या आत मागची खोली पायापासून उभी राहिली नाही, तर उघड्या चरात पाणी भरणार आणि पुढची खोलीही बसणार. इतकं साधं होतं ते. जायला दुसरी जागा नव्हती.

“मामा, पाया चुन्यात करू या,” सूनबाई म्हणाली.

सूनबाईनं लग्नाआधी बांधकामाचा अभ्यास केला होता आणि ती ज्या कार्यालयात जायची तिथं कमी सिमेंटात, पाडलेल्या घरांच्याच विटा वापरून पाया कसा घालावा, हे लोकांना शिकवत. लोक शिकून घेत, चहा पिऊन घरी जात आणि सिमेंट आणत. नमुन्याचा पाया घालू द्यायला कुणी तयार नव्हतं. रंग दाखवता येतो, फरशी दाखवता येते, पाया पुरावा लागतो. त्यासाठी आपलं घर कोण देणार?

मिस्त्रीला चुना म्हणजे वडील. वडिलांनी आयुष्यभर चुन्यातच काम केलं. वस्तीच्या टोकाला वजनकाट्याची शेड आहे, तिचं जोतं त्यांच्या हातचं. त्याला आजही केसाएवढी चीर नाही. सिमेंट पहिल्यांदा आलं तेव्हा मिस्त्री विशीत होता, आणि चार माणसांत बापाला म्हणाला होता, तुमचा चुना महिनाभर विचार करतो, माझं सिमेंट सकाळी हो म्हणतं. माणसं हसली. बापानं थापी धुतली, पुसली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले.

“चुना दमाचं काम आहे,” मिस्त्री शेवटी म्हणाला. “दम कुठाय आपल्याकडं? पाऊस तोंडावर आलाय.”

“सिमेंटचं काय झालं ते बघितलंय की आपण,” सूनबाई म्हणाली आणि पाळण्याकडं बघितलं.

चुना ठरवणं सोपं होतं, मिळवणं नव्हतं. दुकानदारानं विचारलं, भिंतीला लावायचाय की लोकांना? त्याच्याकडं होती ती रंगाची पांढरी भुकटी, जिच्यात जीव म्हणून नव्हता. भट्ट्या कधीच्या बंद पडल्या होत्या. अखेर लांबच्या एका भट्टीतून मुलानं भाजलेली चुनकळी आणली, ती आपल्या ट्रकमधून, सिमेंटच्या पोत्यांच्या मागं ताडपत्रीखाली लपवून. सिमेंट पोचवणाऱ्या ट्रकमध्ये चुना सापडला असता तर इतर ड्रायव्हरांनी त्याला जगू दिलं नसतं. चुनकळी उतरवून, ताडपत्री घरीच टाकून, तो तोंड लपवत निघून गेला.

चुनकळी खड्ड्यात टाकून पाणी सोडलं तेव्हा आधी काहीच झालं नाही. मग तळातून एक बुडबुडा आला. मग सगळा खड्डा खदखदायला लागला. आग नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय. वाफेत अंगण दिसेनासं झालं. नात रडायची थांबली. आतून काका म्हणाले, “दादा आला का रे?”

काकांचा दादा म्हणजे मिस्त्रीचे वडील. बरीच वर्षं त्यांनी हे नाव काढलं नव्हतं.

“नाही काका. चुना विझवतोय,” मिस्त्री म्हणाला.

“तेच विचारतोय,” काका म्हणाले.

चर खणायला लागले. काळी माती संपून पिवळा मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, असं सूनबाईनं सांगितलं होतं, आणि काळी माती काही संपेना. मिस्त्री हनुवटीपर्यंत आत गेला तेव्हा पहारीचा आवाज बदलला. वर बायको पाडलेल्या भिंतीच्या विटा फोडत बसलेली असायची. पाळण्यात पडलेली वीट तिनं सगळ्यात आधी घेतली आणि इतकी बारीक केली की तिचे तुकडे झालेच नाहीत, पीठ झालं. तेही चुन्यात घातलं. चुना, वाळू, विटांचा भुगा कालवायचा, त्यात तुकडे मिसळायचे, थर पसरायचा आणि धुम्मस उचलून आपटायची. दिवसभर धप्प, धप्प. सासू आणि सून आळीपाळीनं आपटत. चुन्यानं बोटांची कातडी फाटली, नखांच्या कडा उकलल्या. संध्याकाळी दोघी एकमेकींच्या हातांना तेल लावत आणि कुणाचे हात जास्त वाईट झाले यावर भांडत.

मधल्या काळात कार्यालयाचे साहेब येऊन गेले. त्यांनी चराशेजारी ‘धरतीचा भार हलका करू या’ असा प्लास्टिकचा फलक लावला, धुम्मस डोक्यावर उचलून फोटो काढून घेतला आणि ती खाली न आपटता तशीच सूनबाईच्या हातात दिली. फलक बरा होता. बायको त्यावर नातीची दुपटी वाळत घालायची.

पहिला थर ठोकून, वर ओली गोणपाटं पसरून सगळे झोपले. सकाळी मिस्त्रीनं गोणपाट उचललं तर चुन्यात टाच उठली होती.

एकच टाच. पुढचा पाय नाही, आधीचं पाऊल नाही, पुढचं नाही. डावी. बाहेरच्या कडेला तुकडा उडालेला, उंदरानं कुरतडलेल्या बिस्किटासारखी.

मिस्त्री उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. तरुणपणी पाया भरताना वडिलांच्या डाव्या टाचेवर दगड घसरला होता आणि कडेचं मांस घेऊन गेला होता. पुढं त्याचीच त्यांनी रीत करून टाकली. रोज पहाटे अनवाणी चरात उतरायचं, ओल्या चुन्यावर डावी टाच रोवायची आणि उचलून बघायचं. खळगा पडला तर थांबायचं. खळगा पडेनासा झाला, नुसती ओल उमटली की म्हणायचं, चढवा भिंत. हे मिस्त्रीनं लहानपणी रोज बघितलं होतं आणि सूनबाईला कधी सांगितलं नव्हतं.

आधी त्यानं घरातल्या टाचा तपासल्या. बायकोची रुंद, सूनबाईची निमुळती, त्याची स्वतःची दोन्ही बाजूंनी धड. काकांची तपासण्यात अर्थ नव्हता, त्यांचे पाय जमिनीला लागून युग लोटलं होतं. चराच्या काठावर कुत्रं झोपलेलं असायचं, ते भुंकलं नव्हतं. बायको म्हणाली, ओळखीचं कुणी असेल. कुत्र्याचा जन्म गेल्या सालचा.

दुसऱ्या दिवशी टाच पुन्हा होती, जरा उथळ. तिसऱ्या दिवशी अजून उथळ. मिस्त्री धुम्मस मारून ती मिटवायचा आणि सकाळी ती नव्यानं असायची. बायकोनं काठावर पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली. सासरे शेवटी शेवटी घरात पाणीही मागायचे नाहीत, आता येतायत तर तहानलेले जाऊ नयेत, एवढंच तिचं म्हणणं. सकाळी तांब्या रिकामा. उन्हाळ्यात पाणी उडतं, असं मिस्त्री म्हणाला. तिनं झाकण ठेवून बघितलं. झाकण जागेवर होतं, तांब्या रिकामाच होता.

सूनबाई मात्र पट्टी घेऊन चरात उतरायची आणि खळगा मोजायची.

“मामा, काल अर्धं बोट गेलं होतं. आज पाव.”

“अगं पण हे करतंय कोण?”

“कोणी का असेना, बरोबर करतंय,” ती म्हणाली. तिच्या पुस्तकात चुना कधी तयार झाला हे ‘स्थानिक अनुभवानुसार ठरवावे’ असं छापलेलं होतं, आणि स्थानिक अनुभव आपणहून येत असेल तर त्याला हाकलायचं कशाला, असा तिचा रोख होता. खळगा नाहीसा झाला की पुढचा थर, हे तिनं ठरवून टाकलं. सगळ्यात वरच्या थरावर दक्षिणेच्या टोकाला पहिल्याच दिवशी जी टाच उठली, ती तिनं मिटवू दिली नाही. साहेबांना दाखवायची म्हणून तिच्यावर घमेलं पालथं घातलं.

तो वरचा थर वाळता वाळेना. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि संध्याकाळी मन बदलायचं. बांबूंच्या बुडाशी माती भुसभुशीत झाली होती, वारं आलं की पुढची खोली करकरायची. जाता-येता लोक चरात डोकावत. भेगमिस्त्री, विहीर लागली का रे? दुकानदार येऊन म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही, पोती पाठवतो. मिस्त्री हसला. रात्री त्याला झोप लागली नाही. पाळणा टांगायचा कोपरा उत्तरेचा. तो तरी पक्का हवा. बाकीचं काहीही होवो.

सासू-सून नातीला टोचायला दवाखान्यात घेऊन गेल्या, त्या दुपारी त्यानं वजनकाट्याच्या शेडमागं लपवून ठेवलेलं सिमेंटचं अर्धं पोतं आणलं. उत्तरेच्या कोपऱ्यातला वरचा थर खरवडला आणि तिथं सिमेंट भरलं. हातांना त्या कामाची इतकी सवय की डोकं लावावंच लागलं नाही. थापी सरसर फिरली. वरून चुन्याचा पातळ हात दिला, म्हणजे कुणाला कळू नये.

“कोण आहे रे?” आतून काका म्हणाले.

मिस्त्रीची थापी फिरतच राहिली.

काकांनी बराच वेळ कान दिला. मग ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “हा दादाचा हात नाही.”

दुसऱ्या सकाळी नवी टाच कुठंच नव्हती. कोपरा दगडासारखा झाला होता. मिस्त्रीनं त्यावर पाय आपटून बघितला आणि त्याला कित्येक दिवसांनी भूक लागली.

त्याच्या पुढच्या सकाळी त्यानं कोपऱ्यावरचं गोणपाट उचललं आणि ते हातातच राहिलं. त्या दगडासारख्या सिमेंटात पाय घोट्यापर्यंत रुतला होता. नुसती टाच नव्हे, अख्खं पाऊल. आत जाताना कडा सरळ, गुळगुळीत. पण बाहेर पडताना ओला चुना जसा ओढला जातो, कडा फाटतात, तसं काही नव्हतं. पाऊल आत गेल्याची खूण होती. बाहेर आल्याची नव्हती.

त्यानं घाईघाईनं वाळू घालून खड्डा बुजवला, वर गोणपाट टाकलं. वाळू संध्याकाळपर्यंत दबून खाली गेली. पुन्हा घातली. सकाळी खड्डा रिकामा होता आणि वाळू काठावर नीट बाजूला सारलेली होती. तांब्या भरलेला होता, पहिल्यांदाच. बायको चिंतेत पडली, पाण्याला काय झालं म्हणून बघायला लागली. मिस्त्री चुलीजवळ बसून राहिला. भिंतीपलीकडून मधूनच कुणीतरी जड पाय हलवून बघावा तसा आवाज यायचा. एकदा. थांबून पुन्हा एकदा. कुत्रं कोपऱ्याजवळ जाऊन कान पाडून बसलं होतं.

भर दुपारी काका म्हणाले, “दादा अजून गेला नाही रे.”

“कुठून?” मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं.

“आला तिथूनच. पाय निघत नाहीये त्याचा.” काकांनी आंधळे डोळे उत्तरेच्या कोपऱ्याकडं वळवले. “आयुष्यभर कुठं अडकला नाही, आता बघ.”

मिस्त्री उठला. अंगणात सूनबाई चुना कालवत होती. तिच्यासमोर उभं राहून बोलायला त्याला इतका वेळ लागला की तिनं फावडं खाली ठेवलं.

“सूनबाई, त्या कोपऱ्यात मी माती खाल्ली.”

“काय घातलंत?”

“सिमेंट. वरचा थर. पाळण्याचा कोपरा म्हणून.”

ती चरात उतरली. गोणपाट उचलून तिनं त्या पावलाच्या खड्ड्यात बघितलं, हात घातला आणि लगेच काढला. हात ओला नव्हता, पण तिनं तो पदराला पुसला.

“मला विचारायचं तरी, मामा.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचं ना,” ती म्हणाली. वर आभाळ भरून आलं होतं, कोपरा फोडला तर चुना पुन्हा पहिल्यापासून, हे दोघांनाही कळत होतं. तिनं कोनाड्यातली छिन्नी आणि हातोडा आणून त्याच्या हातात दिला.

फोडताना वस्तीतली माणसं काठावर जमली. बांधलेलं आपणच फोडणारा मिस्त्री त्यांनी आधी बघितला नव्हता. एकानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर त्याची नजर त्या पावलावर गेली आणि तो घरी कामं आहेत म्हणून निघाला. मग सगळ्यांनाच कामं आठवली. मिस्त्री पावलाच्या भोवतीनं छिन्नी चालवत होता. बापाच्या पायाला लागू नये इतक्या हलक्या हातानं. सिमेंट तुटत नव्हतं. घामानं छिन्नी निसटत होती, बोटांच्या भेगा पुन्हा उघडल्या होत्या. मग आतून, हातोड्याचा घाव पडलेला नसताना, एक खटका बसला आणि सगळा गोळा एकदम सुटला. तो घसरत खाली आला आणि चरात उभ्या मिस्त्रीच्या डाव्या पायाला घासून गेला.

बायकोनं पाय धुतला, चिंधी बांधली. बांधायच्या आधी ती बराच वेळ टाच हातात धरून बसली. लागलं का जास्त, असं त्यानं विचारलं. नाही, ती म्हणाली, थोडं कडेचं गेलंय. खोलीतून काकांचा आवाज आला, “सुटला.” आणि ते घोरायला लागले.

कोपरा पुन्हा चुन्यात भरला. ट्रकच्या ताडपत्रीनं सगळा चर झाकला. पाऊस दोनदा येऊन दारावर थाप मारून गेला. ताडपत्रीवर पाण्याची तळी साचली, ती सासू-सुना केरसुणीनं लोटत होत्या आणि पुढच्या खोलीचे बांबू मिस्त्री पाठीनं रेटून उभा राहत होता. या सगळ्या दिवसांत टाच एकदाही उठली नाही. तांब्या रोज सकाळी भरलेला. सूनबाई पट्टी घेऊन उतरायची आणि मोजायला काही नसायचं. तिला करमेनासं झालं. आता तयार झाला हे सांगणार कोण?

एका सकाळी आभाळ पुन्हा काळं झालं होतं, वारं पडलं होतं. बायको म्हणाली, “तुम्हीच ठेवा टाच. चिंधी सोडलीय ना आता.”

मिस्त्री ताडपत्री बाजूला सारून, चपला काढून चरात उतरला. कोपऱ्यातल्या चुन्यावर त्यानं डावी टाच ठेवली आणि सगळा भार दिला. उचलली. खळगा पडला नव्हता. नुसती ओल उमटली होती, टाचेच्या आकाराची, बाहेरच्या कडेला तुकडा उडालेली.

सूनबाई दक्षिणेच्या टोकाला गेली आणि तिनं पालथं घमेलं उचललं. तिथली ती जुनी टाच आता घट्ट झाली होती, दगडात कोरल्यासारखी. मिस्त्री चरातून चालत तिथं गेला. मागं चुन्यावर त्याच्या पावलांची ओल उमटत होती आणि मिटत होती. त्यानं त्या खळग्यात टाच ठेवली. ती आत बसली. कडेचा उडालेला तुकडा कडेला, खाच खाचेत, मध्ये काडी जाईल इतकीही फट राहिली नाही. ही टाच उठली तेव्हा त्याच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.

बायकोनं पदर तोंडाला लावला. पहिला थेंब ताडपत्रीवर वाजला. कुत्रं उठून शेपटी हलवत चराच्या काठावर आलं.

आत खाटेवर काका जागे झाले होते.

“दादा आला का रे?”

मिस्त्रीनं टाच उचलली नाही.

“हो,” तो म्हणाला. “आलोय.”